परवाना हाती आला, आता आधी काय घ्यायचं?

परीक्षा झाली, कॉलसाइन (हवेतली तुमची ओळख) मिळालं आणि आता प्रत्येक नवा हॅम, म्हणजे हौशी रेडिओ ऑपरेटर, जो प्रश्न विचारतो तोच तुमच्याही मनात आहे: पहिला रेडिओ कोणता घेऊ? मला कुणी हे विचारलं की मी आधी विचारतो, "अँटेना कुठे लावणार आहात?" बहुतेकांनी त्याचा विचारच केलेला नसतो. उत्साहाच्या भरात सगळे पैसे रेडिओत जातात, उरलेल्या चार पैशांत केबल आणि अँटेना येते, आणि मग महिनाभर हाका मारूनही कुणी ओ देत नाही. माणूस हिरमुसतो, संच कपाटात जातो. असे परवाने धूळ खात पडलेले मी पाहिलेत आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण चूक फक्त खरेदीच्या क्रमाची असते. म्हणून इथे तो क्रमच सांगतो. रेडिओ त्यात बराच खाली येईल, तेवढा धीर धरा.

पायरी १: पंधरा दिवस नुसतं ऐका

ऐकायला काहीही विकत घ्यावं लागत नाही. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून ऐकता येणारा रिसीव्हर, २००८ साली सुरू झाला. ब्राउझर उघडायचा आणि तिथल्या अँटेनावर येणारे सगळे शॉर्टवेव्ह बँड ऐकायचे. जगभर असे कितीतरी रिसीव्हर लोकांनी खुले ठेवलेत, त्यातला तुमच्या प्रदेशाच्या जवळचा शोधा. सकाळी ७ मेगाहर्ट्झ ऐका, दुपारी १४ आणि २८ ऐका, रात्री परत ७ वर या. एकच बँड दिवसभरात कसा उघडतो आणि मिटतो, हे कानाने कळलं की पुस्तकातलं रेडिओलहरींच्या प्रसरणाचं प्रकरण एकदम जिवंत होतं. आवाज बदकासारखा येत असेल तर साइडबँड (सिग्नलची खालची बाजू ऐकायची की वरची, ते) चुकलाय. १० मेगाहर्ट्झच्या खाली लोअर आणि वर अपर, असा हॅम मंडळींचा रिवाज आहे. १४.०७४ वर गेलात तर दर १५ सेकंदांनी सुरू होणारी, शिट्टीसारखी किणकिण ऐकू येईल. तो एफटी८ हा डिजिटल प्रकार.

या पंधरा दिवसांत एका वहीत फक्त एवढंच लिहा: कुठे रमलो? गावातल्या गावात गप्पा मारणाऱ्यांमध्ये, दूर देशीच्या स्टेशनांमागे धावणाऱ्यांमध्ये, मोर्सच्या टिकटिकीत, की डिजिटलमध्ये? पुढची सगळी खरेदी या एका पानावर ठरते. सोबत परवान्याचा कागदही नीट वाचा. कोणते बँड, कोणते मोड (आवाज, मोर्स, डिजिटल) आणि किती वॅट तुम्हाला मोकळे आहेत ते पाहा. जो बँड तुम्हाला वापरताच येणार नाही त्यासाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही.

पायरी २: जवळचं की लांबचं, ते ठरवा

व्हीएचएफ आणि यूएचएफ, म्हणजे २ मीटर आणि ७० सेंटिमीटरचे बँड, साधारणपणे नजरेच्या टप्प्यात चालतात. टप्पा किती, याचा हिशोब सोपा आहे: दोन्ही अँटेनांच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळं काढा, बेरीज करा आणि ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. दोन माणसं मोकळ्या माळावर हँडी, म्हणजे हातात धरायचा छोटा संच, घेऊन उभी असतील, अँटेना जमिनीपासून दीड मीटरवर, तर साधारण १० किलोमीटर. इमारतींच्या गर्दीत याच्या कितीतरी कमी. पण समोरचा अँटेना ४०० मीटर उंच डोंगरावरच्या रिपीटरचा (आलेला सिग्नल पुन्हा जोरात पाठवणाऱ्या स्टेशनचा) असेल तर हाच आकडा ८७ वर जातो. म्हणून हँडी घेण्याआधी एकच चौकशी करा: आपल्या टप्प्यात चालू रिपीटर आहे का, आणि त्यावर माणसं बोलतात का? दोन्हीचं उत्तर 'हो' असेल तर हँडी ही अगदी योग्य सुरुवात आहे. रिपीटर नसेल, किंवा असून मुका असेल, तर चार दिवसांत तिचा कंटाळा येईल.

लांबचं हवं असेल तर एचएफ, म्हणजे शॉर्टवेव्हचे बँड. तिथे सिग्नल आयनोस्फिअर या वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परत खाली येतो, म्हणून साध्या तारेच्या जोरावर माणूस समुद्रापार बोलतो. जागा, केबल, वीजपुरवठा हे सगळं त्यात जास्त लागतं. पण परवानगी असेल आणि मन तिकडे ओढत असेल तर "आधी हँडी, मग कधीतरी एचएफ" या सल्ल्याला बांधून घेऊ नका. सरळ एचएफपासून सुरुवात केलेले उत्तम ऑपरेटर मी पाहिले आहेत.

पायरी ३: अँटेना

इथे सर्वात जास्त वेळ द्या. रिसीव्हरला आलेला सिग्नल 'एस' या एककात मोजतात आणि एक एस वाढायला शक्ती चौपट व्हावी लागते. म्हणजे ५ वॅटवरून १०० वॅटवर गेलात तरी समोरच्याच्या मीटरवर जेमतेम दोन एसचा फरक पडतो. अँटेना खिडकीतून काढून मोकळ्यावर, उंच नेली की एवढा फरक सहज पडतो, आणि तो ऐकण्यातही पडतो, जो वॅट वाढवून कधीच पडत नाही.

व्हीएचएफसाठी पहिला अँटेना घरीच करा. १४५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी साधारण ४९ सेंटिमीटर होते. एसओ-२३९ सॉकेट घ्या, मधल्या पिनेला ४९ सेंटिमीटरची जाड तांब्याची तार उभी सोल्डर करा, सॉकेटच्या चार भोकांत ५२ सेंटिमीटरच्या चार तारा बसवा आणि त्या ४५ अंशांत खाली वाकवा. तारा खाली वाकवल्या की इम्पीडन्स (अँटेनाचा विद्युत अवरोध) रेडिओला हव्या असलेल्या ५० ओहमच्या जवळ येतो. हा अँटेना गच्चीवर नेऊन हँडीला जोडला की तिच्या डोक्यावरचा आखूड रबरी अँटेना किती कमी काम करत होता ते पहिल्याच हाकेत कळतं.

एचएफसाठी माझा कौल हाफवेव्ह डायपोलला, म्हणजे मध्यावर केबल जोडलेल्या अर्ध्या तरंगलांबीच्या तारेला. मीटरमधली लांबी म्हणजे १४२.५ भागिले मेगाहर्ट्झ. ७.१ साठी २०.१ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला १० मीटरच्या आसपास. पण तार कधीही हिशोबाइतकी कापू नका, थोडी जास्तच ठेवा. भिंत, झाडं, जमिनीपासूनची उंची, तारेवरचं प्लास्टिक हे सगळं हिशोब बिघडवतं.

तार कशी जुळवायची ते एकदा नीट पाहू. समजा, एकूण २०.९ मीटर तार ताणली आणि अँटेना मोजणाऱ्या अॅनालायझरवर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते त्याचं माप) सर्वात कमी ६.८० मेगाहर्ट्झला दिसला. आपल्याला हवं ७.१०. तार लांब आहे म्हणून अनुनादाची फ्रिक्वेन्सी खाली गेलीय. नवी लांबी काढायला जुनीला ६.८० ने गुणा, ७.१० ने भागा: साधारण २० मीटर. म्हणजे ९० सेंटिमीटर जास्त आहे, प्रत्येक बाजूला ४५. तरीही पक्कड लगेच चालवू नका. आधी दोन्ही टोकं ३० सेंटिमीटर मागे दुमडा, दुमडलेला भाग तारेला घट्ट पिळून घ्या, अँटेना परत त्याच उंचीवर चढवा आणि पुन्हा मोजा. आकडा सरकलेला दिसेल. मग उरलेलं पाच-पाच सेंटिमीटरने. दोन्ही बाजू सारख्याच दुमडायच्या. मोजताना अँटेना खाली हाताशी ठेवून मोजला तर ते माप फसवं असतं, म्हणून दर वेळी दोरी ओढून वर न्यावाच लागतो. संध्याकाळ जाते यात, पण ज्या क्षणी आकडा ७.१० वर येऊन बसतो त्या क्षणी तो अँटेना खऱ्या अर्थाने तुमचा होतो.

दोन बाजूंना ताणायला जागा नसेल तर एका टोकाने जोडायचा हाफवेव्ह वापरा. ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर आणि साधारण २० मीटर तार, एवढ्यावर ४०, २०, १५ आणि १० मीटर (म्हणजे साधारण ७, १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झ) हे चार बँड मिळतात. ४० मीटरचा डायपोलही १५ मीटरवर बऱ्यापैकी चालतो, कारण ७ ची तिप्पट २१. उंचीचं म्हणाल तर ४० मीटरचा डायपोल पाच-सहा मीटरवर असेल तर सिग्नल बराचसा सरळ वर जाऊन जवळच्या चार-पाचशे किलोमीटरच्या परिसरात पडतो. नव्या माणसाला पहिल्या गप्पांसाठी हे उत्तमच. २० मीटरचा डायपोल मात्र १० मीटर उंच गेला की दूरचे देश ऐकू यायला लागतात.

अँटेना कुठेही लावा, विजेच्या तारांपासून इतका लांब लावा की तो तुटून, उलटून, कसाही पडला तरी तारांना शिवणार नाही. तो चढवताना एकटे राहू नका. ढग गडगडायला लागण्याआधी केबल रेडिओपासून सोडवून घराबाहेर काढा. आणि बोलताना तारेच्या टोकापर्यंत कुणाचा हात पोचणार नाही हे बघा. तिथे व्होल्टेज सर्वात जास्त असतं, चटका बसतो.

पायरी ४: केबल आणि कनेक्टर

केबलमधला तोटा फ्रिक्वेन्सीबरोबर वाढतो, हे एक वाक्य लक्षात ठेवलं की निवड सोपी होते. आरजी-५८ ही बारीक केबल २० मीटर टाकली तर ७ मेगाहर्ट्झला पाचव्या हिश्शाहून कमीच शक्ती वाया जाते. चालेल. तीच केबल तेवढ्याच लांबीची १४५ मेगाहर्ट्झला लावली तर निम्म्याहून जास्त शक्ती केबलमध्येच उष्णता होऊन संपते. तिथे जाड आरजी-२१३ लागते, आणि त्याहून चांगली एलएमआर-४०० च्या जातीची. सर्वात स्वस्त उपाय म्हणजे रेडिओ अँटेनाजवळ आणून केबल आखूड करणं.

कनेक्टरबद्दल कळकळीने सांगतो, कारण माझे दोन महिने यात गेले. माझा पहिला एचएफ संच लागला, एसडब्ल्यूआर उत्तम दिसत होता, आणि तरीही माझा सिग्नल मध्येच गायब व्हायचा. मी रेडिओ बदलायला निघालो होतो. एका वाऱ्याच्या दिवशी लक्षात आलं की केबल हलली की आवाज तुटतो. पीएल-२५९ हा केबलच्या टोकाचा कनेक्टर उघडून पाहिला तर बाहेरच्या जाळीला सोल्डर लागलंच नव्हतं, ती नुसती आत दाबून बसवलेली होती. तयार जोडून मिळालेली केबल होती ती, म्हणून मी तपासलीच नव्हती. तेव्हापासून प्रत्येक केबल आली की आधी मल्टिमीटर: मधल्या तारेची दोन टोकं जुळतात का, जाळीची दोन टोकं जुळतात का, आणि मधली तार जाळीला कुठे टेकत नाही ना. हे तपासताना केबल हलवत राहायची.

हँडीच्या एसएमए जोडणीत (अँटेना बसतो तिथे) दोन जाती आहेत: काही संचांवर पिन असते, काहींवर भोक. अँटेना किंवा अडॅप्टर मागवण्याआधी आपल्या संचाकडे नीट पाहा. बाहेरच्या जोडांवर आपोआप चिकटणारी रबरी टेप गुंडाळा. पाणी एकदा जाळीत शिरलं की केबल आतून काळी पडते आणि बाहेरून काही दिसत नाही.

पायरी ५: वीजपुरवठा

१०० वॅटचा एचएफ संच बोलताना १३.८ व्होल्टवर २० ते २३ अँपिअर घेतो. म्हणून पुरवठा २५ ते ३० अँपिअरचा घ्या, कायम झेपेल असा. खोक्यावर ठळक छापलेला आकडा काही वेळा क्षणभरापुरता असतो, कायमचा आकडा त्याखाली बारीक अक्षरात असतो. लिनिअर पुरवठा जड असतो पण गोंगाट करत नाही. स्विचिंग हलका आणि लहान असतो, तो घ्यायचा तर हॅम मंडळींनी वापरून पारखलेलाच घ्या, नाहीतर बँडवर दर काही किलोहर्ट्झला गुणगुण ऐकू येईल.

तारेची जाडीही बघा. चार मीटर लांब आणि अडीच चौरस मिलिमीटरची तार वापरली तर २० अँपिअरला जाऊन-येऊन एक व्होल्टहून जास्त तिथेच पडतो. संचाला १२.७ मिळाले की आवाज फाटायला लागतो आणि दोष रेडिओच्या माथी मारला जातो. तार आखूड ठेवा, जाड ठेवा, आणि फ्यूज दोन्ही टोकांच्या मध्ये कुठेतरी न टाकता उगमाजवळ टाका. हँडी किंवा ५-१० वॅटचा संच असेल तर यातलं काहीच करावं लागत नाही, हँडीला तिची स्वतःची बॅटरी आणि लहान संचाला चार सेलची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पुरते.

पायरी ६: आता रेडिओ

हँडी घेणार असाल तर साधा अॅनालॉग एफएम घ्या. डीएमआर, डी-स्टार आणि सिस्टिम फ्यूजन हे डिजिटल आवाजाचे प्रकार एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे आपल्या टप्प्यातले लोक काय वापरतात हे कळल्याशिवाय त्यात पडू नका. बाओफेंग यूव्ही-५आर सारखी अगदी स्वस्त हँडी शिकायला चालते, पण गर्दीच्या ठिकाणी, जोरदार ट्रान्समीटरांच्या शेजारी, अशा संचांचा रिसीव्हर भांबावतो आणि हवा तो सिग्नल दबतो. थोडे जास्त मोजून येसूच्या एफटी-६५ च्या वर्गातला संच घेतलात तर तो वर्षानुवर्षं हातात राहतो. काहीही घेतलं तरी प्रोग्रॅमिंगची केबल बरोबरच घ्या. चर्प हा मोफत प्रोग्रॅम बऱ्याच संचांना चालतो, आणि रिपीटरचा शिफ्ट (ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीतला फरक) आणि सीटीसीएसएस टोन (रिपीटर उघडायला लागणारा बारीक सूर) बटणं दाबदाबून भरण्याचा वैताग वाचतो. रिपीटर ऐकू येतो पण आपल्याला उचलत नाही, अशी तक्रार असेल तर दहातल्या नऊ वेळा टोन चुकलेला असतो.

एचएफमध्ये तीन नावं सांगतो, तिन्ही वेगळ्या स्वभावाची. आयकॉमचा आयसी-७३०० २०१६ साली आला. १०० वॅट, पडद्यावर बँडचं चित्र, आत ट्यूनर (अँटेना रेडिओशी जुळवून देणारा भाग) आणि साउंड कार्डही, त्यामुळे एफटी८ साठी संगणकाला एकच यूएसबी केबल लागते. टेबलावर एक संच ठेवून सगळं शिकायचं असेल तर याच्यासारखा शिक्षक नाही. येसूचा एफटी-८९१ लहान आहे, १०० वॅटचा आहे, रिसीव्हर शांत आहे. पण आत ट्यूनर नाही आणि डिजिटलसाठी वेगळं साउंड कार्ड लागतं, तो खर्च आधीच धरा. झिएगूचा जी९० फक्त २० वॅटचा, पण आतला ट्यूनर जबरदस्त. ज्याची तार कशीबशी लागलीय त्याच्यासाठी तो फार सोयीचा. २० आणि १०० वॅटमधला फरक एका एसच्या थोडासा वर, हे पुन्हा आठवा.

ट्यूनरबद्दल एक गैरसमज मात्र पक्का बसलेला असतो. रेडिओतला ट्यूनर अँटेना सुधारत नाही. तो फक्त रेडिओला ५० ओहम दाखवतो. केबलमधला तोटा होता तसाच राहतो. आणि एसडब्ल्यूआर १.१ वर आणायच्या मागे रात्री घालवू नका. १.५ ला फक्त ४ टक्के शक्ती परत येते, २ ला ११ टक्के. २ च्या आत आलात की बोलायला लागा.

जुना संच चांगला मिळत असेल तर बेलाशक घ्या, पण डमी लोड (अँटेनाऐवजी जोडायचा, शक्ती गिळणारा रोध) बरोबर घेऊन जा आणि प्रत्येक बँडवर किती वॅट निघतात ते मालकासमोर मोजा. अर्धा तास चालू ठेवून फ्रिक्वेन्सी सरकते का पाहा, सगळी बटणं आणि खुंट्या फिरवा, मागच्या सॉकेटची पकड बघा. आउटपुटचा ट्रान्झिस्टर आज मिळतो का, हे घरीच शोधून निघा. अप्रतिम जुने संच केवळ तेवढ्यापायी पडून आहेत.

पायरी ७: टेबलावरच्या लहान वस्तू

५० ओहमचा डमी लोड आणि नॅनोव्हीएनए हा अँटेना मोजणारा छोटा अॅनालायझर, या दोन वस्तू रेडिओइतक्याच गरजेच्या आहेत. मल्टिमीटर आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन लगेच लागतील. पॉवर वाढवणारा अॅम्प्लिफायर, महागडा माइक, दुसरा रेडिओ, हे वर्षभर विसरा.

सगळं लागल्यावर बहुतेकांना धक्का बसतो तो गोंगाटाचा. मीटर एस७ वर अडकलेला, आणि कुणीच ऐकू येत नाही. संच बॅटरीवर लावा आणि घराचा मुख्य स्विच बंद करा. गोंगाट खाली आला तर शत्रू घरातच आहे. मग एकेक सर्किट चालू करत जा. बहुधा एखादा चार्जर, एलईडी दिवा किंवा राउटरचा अडॅप्टर सापडतो. अँटेनाच्या मुळाशी, ३१ क्रमांकाच्या मिश्रणाच्या मोठ्या फेराइट कड्यावर केबलचे दहा-बारा वेढे घातले की केबलच्या बाहेरून चढणारा गोंगाटही बराच उतरतो.

पायरी ८: पहिली हाक

आधी डमी लोडवर बोलून पाहा. मायक्रोफोन गेन एवढाच ठेवा की एएलसीचा (आवाज जास्त झाला की शक्ती आवरणाऱ्या सर्किटचा) काटा आपल्या पट्टीत राहील. मग अँटेना जोडा, रिकामी वाटणारी जागा शोधा आणि अर्धा मिनिट ऐका. समोरचा बोलणारा तुम्हाला ऐकू येत नसेल, पण त्याला उत्तर देणारा कुणी तुमच्या जवळच असू शकतो, म्हणून ही फ्रिक्वेन्सी वापरात आहे का, असं कॉलसाइन सांगून दोनदा विचारा. कुणी बोललं नाही तर सीक्यू (कुणीही उत्तर द्या, अशी हाक) द्या: दोन-तीनदा सीक्यू, दोनदा कॉलसाइन, अक्षरं फोनेटिकमध्ये (ए म्हणजे अल्फा, तसं), आणि मग बटण सोडून शांतपणे ऐका. घाईत लगेच पुन्हा हाक मारू नका, समोरचा तेवढ्यात तुमचं कॉलसाइन लिहून घेत असतो. उत्तर आलं की वहीत वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहा, त्याचं कॉलसाइन, फ्रिक्वेन्सी आणि त्याने तुमच्या सिग्नलचा दिलेला रिपोर्ट. शेजारी त्या दिवशी किती वॅट होते आणि अँटेना कोणत्या उंचीवर होता तेही लिहा. पुढच्या महिन्यात दोरी एक मीटर वर ओढाल तेव्हा तुलना करायला हेच पान लागेल.